तेरा लामणदिवे

माझ्या हातांची नखं गेली अठरा वर्षं काळी आहेत. लग्नकार्यात पंगतीला बसलो की समोरचा माणूस आधी माझ्या हातांकडे बघतो आणि मग माझ्या पानाकडे. बायकोने सुरुवातीला लिंबू, सोडा, रॉकेल असं सगळं करून पाहिलं. आता तिनेही नाद सोडलाय. हा रंग गंधकाचा. गंधक आणि चुना पाण्यात उकळला की कुजक्या अंड्याच्या वासाचा तपकिरी काढा होतो. त्यात नवंकोरं पितळ बुडवलं की पाच मिनिटांत ते पन्नास वर्षांचं दिसायला लागतं. तो वास घेणाऱ्या माणसाचंही तसंच होतं, फक्त त्याला थोडा जास्त वेळ लागतो.

तर मी नवी भांडी जुनी करून देतो. हाच माझा धंदा.

माझे वडील नेमकं उलट काम करायचे. ते कल्हईवाले. भाता, कोळसा आणि नवसागर घेऊन गावोगाव फिरायचे आणि लोकांची काळी पडलेली भांडी आरशासारखी करून द्यायचे. पुढे घराघरांत स्टील आलं आणि कल्हई संपली. मग किनाऱ्यावर पर्यटक आले, होमस्टे उभे राहिले, आणि प्रत्येकाला आपल्या ओटीवर काहीतरी 'जुनं' हवंसं वाटू लागलं. ज्या घरांनी आपली घंगाळं आणि हंडे किलोच्या भावाने मोडीत घातले, त्याच घरांतली माणसं आता माझ्याकडून पणजोबांचं घंगाळ घेऊन जातात. पाहुण्यांना ते पणजोबांचं म्हणून दाखवतात, आणि चार वर्षांनी त्यांना स्वतःलाही ते खरं वाटायला लागतं. मी कधी कोणाला उघडं पाडलं नाही. माझं पोट त्याच्यावर आहे.

काम सांगायला सोपं आणि करायला कंटाळवाणं. आधी नव्या मालावरचं वार्निश उतरवायचं. मग काढा. हिरवी झाक हवी असेल तर मीठ आणि व्हिनेगर लावून ओल्या भुश्यात पुरून ठेवायचं, नाहीतर सरळ गोठ्याच्या कोपऱ्यात शेणगोमूत्रात गाडायचं. कोरीव कामाच्या खाचांत वर्षानुवर्षांचं तेलकट किटण दिसायला हवं, त्यासाठी काजूच्या टरफलांचं तेल काजळीत कालवून भरायचं. ते तेल हाताला लागलं की कातडी सोलून निघते. शेवटी खोबरेलाचा हात फिरवायचा.

पण हे झालं रसायन, ते कोणीही करील. खरी अक्कल लागते ती झिजेला. माणूस भांडं कुठे धरतो, कुठे टेकवतो, कुठे आपटतो हे ओळखायचं आणि तेवढ्याच जागी कानशीने धार मोडायची. ह्या बाबतीत माझा हात धरणारा अख्ख्या जिल्ह्यात नाही, असं मी अभिमानाने सांगायचो. आता सांगत नाही.

आमचं गाव धामापूरपासून दुचाकीवर अर्ध्या तासावर. गावच्या देवळात गाभाऱ्याच्या दाराशी एक पितळी लामणदिवा टांगलेला असायचा. साखळी, साखळीखाली मोर आणि मोराच्या पायाखाली तेलाची वाटी. दर सोमवारी आणि जत्रेच्या आदल्या दिवशी हा दिवा घासायचा मान गुरवांच्या घरातल्या बाईचा. म्हणजे काकीचा. काकी पंचाऐंशीच्या घरात आहे. नवरा जाऊन वीस वर्षं झाली, मुलगा-सून मुंबईला. एका डोळ्याने दिसत नाही आणि दुसऱ्याने उजेड तेवढा कळतो. शेती गेली, गुरं गेली, पूजाही आता पुतण्या करतो. तिच्याकडे उरला होता तो एवढा दिवा घासायचा मान. त्या एका मानामुळे जत्रेच्या दिवशी तिला देवळाच्या आतल्या चौकात बसायला पाट मिळतो आणि मानकरी तिला विचारल्याशिवाय दिवा लावत नाहीत.

गणपती विसर्जन होऊन आठवडा झाला असेल. काकी दुपारची माझ्या शेडमध्ये आली. पदराखाली काहीतरी लपवलेलं. गोणपाटात गुंडाळलेला दिवा तिने माझ्यापुढे ठेवला.

"झिला, ह्यो गळता."

वाटीत तेल ठरत नव्हतं. मी विचारलं, "काकी, मानकऱ्यांक सांगलंस?"

"मानकऱ्यांक सांगल्यार लायटीचो दिवो लावतले. त्या कमिटीतल्या पोरांका निमित्तच व्हया. मगे माका देवळात काय काम उरला?" ती इकडेतिकडे मान वळवून कानोसा घेत होती. "तू वांयच झाळून दी. कोणाक कळाक नको. जत्रेआदी माका हाडून दी. आणि तुजो तो काळो काढो हेका लावू नको."

देवळातली वस्तू देवाला कौल लावून विचारल्याशिवाय देवळाबाहेर जात नाही, हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. काकीने ती स्वतःच्या जबाबदारीवर आणली होती आणि जागेवर घरातला दुसरा दिवा अडकवून आली होती. गाभाऱ्यातल्या अंधारात तो कोणाच्या लक्षात येणार नव्हता. पण जत्रेला सगळे दिवे चौकात येतात. तोपर्यंत हा परत गेला नाही तर काकीचा मान जाणार, हे तिला ठाऊक होतं आणि मलाही.

मी दिवा पालथा करून पाहिला. वाटीचं बूड घासून घासून पापडासारखं पातळ झालं होतं आणि मधोमध सुईच्या अग्राएवढं भोक पडलं होतं. मोराच्या गळ्यावरचे खवले पुसून गेले होते. काकी पन्नास वर्षं घासत होती, तिच्याआधी तिची सासू. मी आतून पितळेचा तुकडा बसवून नीट झाळून दिलं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याच दिवशी परत नेऊन दिला असता तर हे लिहायची वेळ आली नसती.

पण माणूस म्हणतो, उद्या जाऊ. मी दिवा शेडमधल्या खिळ्याला टांगला. दोन दिवसांनी पुण्याच्या एक मॅडम आल्या. त्या हॉटेलांची आतली सजावट करतात आणि माझं बरंच काम त्यांच्यामुळे चालतं. रेडीच्या वाटेवर समुद्राला लागून एक नवीन रिसॉर्ट होत होतं, त्याचं काम त्यांच्याकडे होतं. शेडमध्ये पाऊल टाकताच त्यांची नजर खिळ्यावर गेली.

"काका, हा द्या ना मला."

"हा देवळाचा आहे, मॅडम. दुरुस्तीला आलाय."

"मग असेच बारा करून द्या. अगदी असेच. आणि ही खालची झाळ आहे ना, तीसुद्धा हवी. किती खरी वाटते!"

"ती खरीच आहे," मी म्हटलं. त्यांना तो विनोद वाटला.

घाटावरच्या एका ओतकाम करणाऱ्या माणसाकडून मापं आणि फोटो पाठवून बारा दिवे ओतून घेतले. कणकवलीच्या गोदामातून ते उचलून आणले तेव्हा बघितलं, बेट्याने हात सैल सोडून चांगले जाड ओतले होते. मग महिनाभर मी त्या बारा मोरांच्या मागे लागलो. नमुना डोळ्यांसमोर हवा म्हणून देवळाचा दिवा खिळ्यावरच राहिला. त्याच्यासारखेच गळ्यावरचे खवले पुसले. साखळीच्या कड्या त्याच्यासारख्याच एका बाजूने झिजवल्या. बारा वाट्यांना आतून तुकडे बसवून बारा खोट्या झाळी मारल्या. त्या महिन्यात शेडमध्ये रोज काढा उकळत होता. धूर वर जायचा आणि खिळ्यावरच्या दिव्याला लागायचा. काकीने म्हटल्याप्रमाणे त्याला मी काढा लावला नाही. तो धुरानेच काळा झाला. मी बघत होतो आणि मला काही वाटलं नाही. उलट रंग जुळायला मदत होतेय, असंच वाटलं.

त्या महिन्यात मी थकलो होतो. हे सबब म्हणून सांगत नाही, होतं तसं सांगतो. छातीत कफ भरलेला, जेवण कडू लागायचं, सकाळी उठलो की शेडकडे जायला पाय उचलत नसत. सत्तावन्नाव्या वर्षी माणसाने काहीतरी नवीन, स्वच्छ काम करावं. मी बाराव्या मोराची चोच काळी करत बसलो होतो.

बारा नग तयार झाले आणि टेम्पो यायचा दिवस उजाडला. दिवे मी पडवीत रांगेने मांडले आणि खिळ्यावरचाही काढून त्यांच्यात ठेवला. बायको चहा घेऊन आली. माझ्या अंगात काय संचारलं कोण जाणे, तिला म्हटलं, "ओळख बघूया, देवळाचो खंयचो?"

"माका नको ती तुमची परीक्षा. आवरा, टेम्पो येतलो."

"अगो, बग तरी." मी तिला पाठ करून उभी राहायला लावलं आणि दिव्यांच्या जागा बदलल्या. तिने वळून एका दिव्यावर बोट ठेवलं. मी हसलो. तिने दुसऱ्यावर ठेवलं. मी पुन्हा हसलो आणि बरोबर कोणता ते दाखवायला पुढे झालो. तिथे माझं हसू थांबलं.

मलाही ओळखेना.

झाळ बघावी तर तेराही वाट्यांना झाळ. रंग एक, झीज एक. मोराचा गळा सगळ्यांचा सारखाच गुळगुळीत, आणि तो गुळगुळीत करणारा मीच. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. बायको चहाचा पेला कठड्यावर ठेवून आत गेली. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला.

वडील सांगायचे, जुनं पितळ जड असतं. धंद्यातला प्रत्येकजण हे सांगतो आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. मी तेराही दिवे एकेक करून हातात तोलले. त्यातला सगळ्यात जड निवडून बाजूला ठेवला आणि उरलेले बारा गवतात गुंडाळून टेम्पोत चढवले.

वाटीचं बूड पापडासारखं पातळ आहे हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पन्नास वर्षं घासलेली वस्तू जड होईल की हलकी, हे कळायला वडिलांची शिकवण लागत नाही. पण त्या सकाळी मला विचार करायचा नव्हता. मला ते संपवून टाकायचं होतं. माझ्या मनात तेव्हाच शंका होती, हेही इथे लिहून टाकतो.

जत्रेच्या आदल्या दिवशी पहाटे दिवा गोणपाटात घालून काकीच्या घरी नेऊन दिला. तिने वास घेतला.

"काळो केलंस मेल्या."

"धूर लागलो, काकी. काढो नाय लावलंय."

ती दिवा पदराखाली घेऊन देवळाकडे निघाली. मीही मागून गेलो. जायचं काही कारण नव्हतं, पण चोराच्या मनात चांदणं.

देवळामागच्या विहिरीवर बायका ताम्हणं, पंचारत्या आणि घंटा घासत होत्या. काकीचा दगड जरा बाजूला असतो, तिथे दुसरं कोणी बसत नाही. तिने भिजवलेली आमसुलं घेतली, नारळाच्या सोडणाचा कुंचा घेतला, चिमूटभर राख टाकली आणि बसली. पन्नास वर्षांच्या सवयीने तिचा डावा हात मोराच्या मानेखाली गेला, अंगठा आपल्या जागी टेकला आणि तिचा उजवा हात हवेतच राहिला.

अंगठा थोडा वर सरकला. खाली आला. पुन्हा वर. दिवा फिरवून तिने दुसऱ्या बाजूने चाचपून पाहिलं.

"ह्यो खंयचो?" तिने अगदी हळू विचारलं.

"खंयचो म्हणजे? तोच."

तिने माझा हात धरला, ओला आणि आंबट वासाचा तिचा हात, आणि माझा अंगठा ओढून मोराच्या मानेखाली दाबला. "हय खळगो होतो. माज्या आंगठ्याचो. आदी माजे सासूचो, मगे माजो."

मी त्या दिव्याकडे महिनाभर बघत होतो. कुठे झिजतं ते ओळखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही म्हणत होतो. पण भांडं कुठे झिजतं ते मी डोळ्यांनी शोधत होतो. मोराच्या मानेखालच्या वळणात, डोळ्यांना सहज न दिसणाऱ्या जागी, अंगठ्याएवढा खळगा आहे हे मला कधी कळलंच नव्हतं.

मी तिला खरं सांगितलं. बारा दिवे रेडीकडे गेले, त्यांत तो गेला. ती ऐकत होती आणि तोंड विहिरीकडे होतं. एवढ्यात थोरले मानकरी पायऱ्या उतरून आले.

"काकी, झालो काय गो दिवो?"

"होतलो," काकी म्हणाली. "घाई कसली?"

आणि ती त्या खोट्या दिव्याला घासायला लागली. दुपार टळेपर्यंत घासत होती. माझा महिनाभराचा काळेपणा तिच्या बोटांमधून गटारात वाहून गेला आणि खालून पिवळंधमक नवं पितळ निघालं. बाजूच्या बायका कौतुकाने बघत होत्या. मी पाणी ओढून देत होतो. उठताना तिने कमरेवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाली, "शोदून हाड."

जत्रेच्या दिवशी तो दिवा चौकात टांगला. जो तो म्हणत होता, काकीन ह्या वर्सा दिवो काय लखलखीत केल्यान! काकी पाटावर बसून मान हलवत होती. मग गाऱ्हाणं झालं. थोरले मानकरी देवापुढे हात जोडून म्हणाले, काय चुकला-माकला आसात तां पदरात घे. सगळ्या चौकाने म्हटलं, "व्हय म्हाराजा." मीही म्हटलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

दोन दिवसांनी दुचाकी काढून रेडीच्या वाटेला लागलो. दिवा सापडला की वाढवायला काकीने सोबत नारळ दिला होता. रिसॉर्टचं उद्घाटन झालं होतं. जेवणाच्या लांबलचक पडवीत माझे दिवे ओळीने टांगलेले, आणि त्यांच्यात तेलाऐवजी पिवळे बल्ब. मॅनेजर आमच्याच भागातला तरुण होता. त्याला सांगितलं, एका नगात दोष आहे, बघून जातो. त्याने शिडी दिली.

खाली लोक सुरमई आणि सोलकढी पुढ्यात घेऊन बसले होते. वर शिडीवर काळ्या नखांचा एक म्हातारा एकेका मोराच्या गळ्याखाली अंगठा घालून बघत होता. एक लहान मुलगी जेवायची थांबली आणि माझ्याकडे बघत राहिली. तिच्या आईने तिचं तोंड वळवलं. मी दिवे मोजत चाललो. अकरा झाले आणि पडवी संपली. अकराही माझेच होते.

"बारावा खंय?"

"तो नाय इथे," मॅनेजर म्हणाला. "मालकसाहेबांना फार आवडला. त्यांच्या मुलीने परदेशात घर घेतलंय, तिला पाठवला वास्तुशांतीला."

मी पडवीच्या पायरीवर बसून मॅडमना फोन लावला. मी काही बोलायच्या आत त्या म्हणाल्या, "काका, बरं झालं फोन केलात. तुम्हाला सांगायचंच होतं. तो एक दिवा तुम्ही असा काही केला होतात ना! बाकीचे अकरा छान आहेत, पण त्यात काहीतरी वेगळंच होतं. हातात घेतला आणि मला सोडवेना. साहेबांचंही तेच झालं. कसं केलंत?"

अठरा वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. आणि जो दिवा मी केलाच नाही, त्याच्यासाठी म्हटलं. मी त्यांना सगळं सांगितलं. देऊळ, काकी, झाळ, सगळं. मग त्या म्हणाल्या, "बघते मी."

त्यांनी खरंच बघितलं. दहा-बारा दिवसांनी मोबाईलवर फोटो आला. पांढऱ्या भिंतीवर आमचा दिवा, वाटीत हिरवी प्लॅस्टिकची वेल सोडलेली. खाली मॅडमनी लिहिलं होतं, मुलीला विचारलं, तिचा जीव जडलाय त्याच्यावर, तिला दुखवायला साहेब तयार नाहीत, सॉरी काका. मी फोटो बोटांनी मोठा करून बघितला. मोराच्या मानेखाली डाव्या बाजूला खिडकीचा उजेड एका ठिकाणी गोल होऊन चमकत होता. एवढा वेळ तो तिथेच होता.

पुढे जाऊन भांडायचं तर गोष्ट गावात येणार, मानकऱ्यांकडे जाणार, आणि देवळाची वस्तू कोणी बाहेर दिली असा पहिला प्रश्न काकीला होणार. भांडण माझं आणि डोकं फुटणार तिचं. मी फोटो बायकोला दाखवला. तिने बघितला आणि मोबाईल पालथा ठेवला.

काकीला सांगायला गेलो तेव्हा ती ओटीवर बसून सुपात आमसुलं निवडत होती. मी सांगत असताना तिची बोटं थांबली नाहीत. सांगून झालं तरी ती निवडत राहिली. मला रडू आलं आणि ते मी लपवलं नाही. तिला दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतंच.

"गप," ती म्हणाली. "वेल घातली म्हणतंस त्यात?"

"व्हय. प्लॅस्टिकची."

"तेल नाय घालणत?"

"नाय."

"मगे बरा. गळाचो नाय." मग तिने विचारलं, "तुका वस्तू जुनी करूक येता मा?"

"येता."

"मगे ह्यो दिवो जुनो कर."

"काकी, तुज्यासमोर मी पुन्ना काढो..."

"काढो न्हय रे. घासून." तिने सूप बाजूला ठेवलं. "माज्या हातात आता जोर नाय. सून काय मुंबयसून येवची नाय. मानकऱ्यांक मी सांगतंय, माज्यान आता होणा नाय, ह्यो करतलो. ते माका नाय म्हणाचे नाय. दर सोमवारी येवचा आणि घासूचा."

"किती वर्सां?"

"माका पन्नासच्या वर लागली. सासूक किती लागली ती म्हायत नाय."

मी सत्तावन्नचा. हिशोब दोघांनाही येत होता, म्हणून कोणी केला नाही.

मानकऱ्यांनी खरंच हरकत घेतली नाही. आता काकी विहिरीवर येऊन माझ्या शेजारी बसते, म्हणजे मान तिचाच राहतो आणि हात माझा. दर सोमवारी शेड बंद ठेवतो. आमसुलाचं पाणी हातावरच्या भेगांत गेलं की चांगलंच झोंबतं. काजूच्या तेलाने सोललेल्या कातडीवर तर विचारूच नका. पाणी ओढायचं, राख टाकायची, मोराच्या मानेखाली डावा अंगठा रोवायचा आणि घासायचं. खांदा भरून येतो. काम तेच आहे, वस्तू जुनी करायची, पण ह्यात कुठलीच युक्ती चालत नाही आणि काहीच लवकर होत नाही. मॅडमची नवीन ऑर्डर आली होती, चाळीस घंटांची. मी तब्येतीचं कारण सांगून नाही म्हटलं. कारण अगदीच खोटं नव्हतं.

घासून झालं की दिवा काकीच्या मांडीवर ठेवतो. ती मोराच्या मानेखाली अंगठा घालते आणि बराच वेळ चाचपत बसते.

"नाय आजून," ती म्हणते. "घास."

गेल्या सोमवारीही तिने तसंच केलं. तिची तब्येत उतरलीय, विहिरीपर्यंत यायला आता धरावं लागतं. अंगठा तिने नेहमीपेक्षा जास्त वेळ तिथेच ठेवला, आणि मला वाटलं, आता दयेने का होईना, पण म्हणेल की वांयच खळगो लागता. ती म्हणाली, "नाय आजून." मग दिवा माझ्या हातात देताना तिने माझ्याकडे तोंड वळवलं. "आणि कानस लावू नको हां. माका कळतला."

माझ्या पिशवीत, आमसुलांच्या पुडीखाली, गोल कानस होती. दोन मिनिटांचं काम होतं. कुठे लावायची ती जागा आता मला अंधारातही सापडली असती. मी पिशवी उचलली, काकीला धरून तिच्या घरी सोडलं, आणि कानस घरी नेऊन वडिलांच्या भात्याशेजारी ठेवली. ह्या सोमवारी पिशवीत फक्त आमसुलं आणि राख नेली.